गाडा उचलून नेला, पण कागद कुठे आहे?

प्रश्न :
मॅडम, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर माझा वडापाव, भजी आणि चहाचा गाडा आहे. मिस्टर गेल्यापासून, म्हणजे 2011 पासून, तो मीच चालवते. नगरपरिषदेच्या ठेकेदाराचा माणूस रोज 20 रुपयांची बाजार फीची पावती फाडतो, ती मी कधी चुकवलेली नाही. 2021 मध्ये नगरपरिषदेच्याच शिफारशीवर बँकेतून फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेचं 10 हजारांचं कर्ज मिळालं. ते फेडलं, आता 20 हजारांचं दुसरं चालू आहे. मागच्या मंगळवारी सकाळी अतिक्रमण विभागाची माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. "चौकाचं सुशोभीकरण आहे, वरून आदेश आहे" एवढंच म्हणाली आणि गाडा, शेगडी, सिलिंडर, कढई, फुटपाथवरचे दोन बाक, भिजवलेलं पीठ, बटाट्याची भाजी, सगळं ट्रॉलीत टाकलं. नोटीस नव्हती. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले, तर "5 हजार दंड भरा आणि सामान घेऊन जा, पण परत तिथे लागायचं नाही" असं सांगितलं. दंडाची पावती मिळेल का विचारलं, तर हसले. एक ओळखीचा माणूस म्हणतो, 3 हजारांत मिटवून देतो. दीर म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, देऊन टाका. मुलगा म्हणतो, ट्रॅक्टरपुढे आडवा पडतो. आमच्यासारखे 11 गाडे उचललेत. मी काय करू?

उत्तर :
ताई,

आधी पैशांचं. ते 5 हजार बिनपावतीचे भरू नका, आणि मिटवून देतो म्हणणाऱ्याच्या हातावर एक रुपयाही ठेवू नका. मुलालाही आवरा. त्याचा राग खरा आहे, पण सरकारी कामात अडथळा आणल्याचा एक गुन्हा दाखल झाला की पोलीस भरतीपासून पासपोर्टपर्यंत प्रत्येक फॉर्मवर तो त्याच्या मागे येईल. त्याला दुसरं काम द्या. पुढच्या वेळी पथक आलं तर त्याने लांब उभं राहून, कोणाशी एक शब्द न बोलता, गाडीचा नंबर, आलेली माणसं आणि ट्रॉलीत पडणारी एकेक वस्तू दिसेल असं मोबाइलवर चित्रीकरण करावं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की या सगळ्या प्रकारात नगरपरिषदेने तुम्हाला एक चिटोरंसुद्धा दिलेलं नाही. आदेश "वरून" आला, जप्तीची यादी केली नाही, दंडाची पावती नाही, आणि पुन्हा त्या जागी लागायचं नाही ही बंदीसुद्धा तोंडी. तुमच्यासारखी पत्रं मला राज्यभरातून येतात आणि त्यातल्या बहुतेकांत हीच तऱ्हा असते. तोंडी आदेशाविरुद्ध अपील करता येत नाही. तो कोणी दिला, कोणत्या कलमाखाली दिला, कधीपासून लागू, यातलं काहीच उद्या सिद्ध करता येत नाही. म्हणून गाड्याच्याही आधी, जागेच्याही आधी, एक गोष्ट मिळवायची आहे: त्यांच्या सहीचा कागद. खाली जे जे सांगते ते सगळं त्यासाठीच आहे.

तुमच्या बाजूने एक कायदा आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014. तो संसदेने केलेला आहे आणि 1 मे 2014 पासून लागू आहे. त्याचं कलम 33 सांगतं की दुसऱ्या कायद्यात काही विसंगत असलं तरी हा कायदा वरचढ ठरेल. कार्यालयात कोणी "आमच्या नगरपरिषद कायद्यात असं आहे" म्हणालं तर हे कलम लक्षात ठेवा.

यातलं कलम 19 जप्तीबद्दल आहे. माल जप्त केला तर त्याची यादी करायची, जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्यावर सही करायची आणि प्रत विक्रेत्याला द्यायची. मालाची मागणी केली की न नासणारा माल कामकाजाच्या 2 दिवसांत आणि नासणारा माल त्याच दिवशी परत करायचा. त्यासाठी या कायद्याखालच्या योजनेत ठरलेली फी घेता येते, पण फी म्हणजे पावतीवरची रक्कम. तुमचं पीठ आणि भाजी गेलीच. शेगडी, कढई, गाडा मात्र 2 दिवसांत परत यायला हवेत, आणि हे 2 दिवस मोजले जातात मागणी केल्यापासून. तुम्ही तोंडी मागितलंत, म्हणून त्यांच्या दप्तरात तुम्ही अजून काही मागितलेलंच नाही.

तेव्हा उद्या सकाळी साध्या कागदावर अर्ज लिहा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, दोन प्रतींत. मजकूर असा चालेल:

"प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद. विषय : जप्त केलेले साहित्य परत मिळणेबाबत. महोदय, मी एसटी स्टँड चौकात सन 2011 पासून खाद्यपदार्थांची विक्री करते. दि. … रोजी सकाळी … वाजता आपल्या अतिक्रमण पथकाने माझे पुढील साहित्य नेले : … मला पूर्वसूचना देण्यात आली नाही, तसेच जप्त साहित्याची स्वाक्षरीत यादी देण्यात आली नाही. पथविक्रेता अधिनियम, 2014 च्या कलम 19 नुसार सदर साहित्य मला परत करावे. काही फी अथवा दंड देय असल्यास त्याची रक्कम, कायद्याचे कलम व पावती देण्याची तजवीज लेखी कळवावी. सदर ठिकाणी व्यवसाय करण्यास मनाई असल्यास त्याबाबतच्या आदेशाची प्रत द्यावी."

वस्तूंची यादी बारकाईने लिहा. झारा, पातेली, बरण्या, बाक, सगळं. अर्ज आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेब नाहीत, नंतर या" म्हणाले तर वाद घालू नका. सरळ पोस्टात जा, तोच अर्ज मुख्याधिकाऱ्यांना आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती हाही शिक्काच आहे.

यावर ते एक उत्तर देतील, त्याची तयारी आधीच असू द्या. म्हणतील, "तुमच्याकडे विक्री प्रमाणपत्रच नाही, कलम 19 तुम्हाला लागू नाही." हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. कायद्यात नोटीस आणि जप्तीची जी कलमं आहेत ती प्रमाणपत्रात नमूद केलेल्या जागेबद्दल बोलतात. प्रमाणपत्रावरची जागा सोडायला लावायची तर 30 दिवसांची नोटीस, असं कलम 18 आहे. पण प्रमाणपत्र देण्याचं काम कोणाचं? नगरपरिषदेचं. आणि तिने ते केलेलं नसेल तर तुमच्या मदतीला कलम 3 चं तिसरं पोटकलम आहे: शहरातल्या सगळ्या पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन त्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही हटवता किंवा हलवता येणार नाही. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा कणा हाच आहे. हे सर्वेक्षण दर 5 वर्षांनी किमान एकदा करायचं असतं आणि ते नगर पथविक्रेता समितीच्या हातून करायचं असतं. त्या समितीत 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. तुमच्या गावात अशी समिती आहे का? निवडणूक झाल्याचं तुम्हाला किंवा त्या बाकीच्या गाडेवाल्यांना आठवतं का?

आठवण पुरत नाही म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. आपल्या राज्यात असा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, नाहीतर तो तेवढ्यावरूनच परत येतो. म्हणून दोन अर्ज करा. पहिल्यात पथविक्रेता समिती कधी स्थापन झाली, सर्वेक्षण कोणत्या तारखेला पूर्ण झालं, किती जणांना विक्री प्रमाणपत्रं दिली आणि ना-फेरीवाला क्षेत्र कोणतं ठरलं, एवढंच मागा. दुसऱ्यात चौक सुशोभीकरणाचा ठराव, नकाशा, कार्यादेश आणि त्या मंगळवारच्या कारवाईचा लेखी आदेश. "वरून आदेश" म्हणजे नक्की कुठून, ते या दुसऱ्या अर्जाने बाहेर येईल. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. त्याला 20 रुपये.

आता दंडाच्या रकमेकडे या. याच कायद्यात प्रमाणपत्राशिवाय विक्री केली किंवा अटी मोडल्या तर जास्तीत जास्त 2 हजार रुपये दंड आहे. नोटिशीची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दिवसाला जास्तीत जास्त 250 रुपये, तेही जप्त मालाच्या किमतीहून जास्त नाही. मग 5 हजार आले कुठून? कदाचित दुसऱ्या कुठल्या तरतुदीतून आले असतील, म्हणूनच अर्जात कलम विचारायचं. कलम सांगून पावती देत असतील तर "हरकत नोंदवून भरत आहे" असं लिहून भरा आणि सामान सोडवा. मी तुम्हाला हट्टाने उपाशी राहा म्हणणार नाही.

3 हजारांत मिटवणाऱ्याची गोष्ट वेगळी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर 7 दिवसांच्या आत तक्रार केली तरच देणाऱ्याला संरक्षण मिळतं. तुमच्या दिरांना हे जरूर वाचून दाखवा, कारण "देऊन टाका" या सल्ल्याने तुम्हीच अडकू शकता. मागणी पुन्हा झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. आधी कळवून त्यांच्या सांगण्यानुसार पैसे दिले तर तो गुन्हा ठरत नाही. शिवाय व्यवहार म्हणूनही ते 3 हजार वाया जातील. त्या माणसाकडून सामान येईल, जागा येणार नाही, आणि पुढच्या सणाच्या आधी ट्रॅक्टर पुन्हा दारात असेल, कारण आता तुम्ही देणाऱ्यांच्या यादीत असाल.

तुमच्याजवळ नगरपरिषदेचे म्हणून जे कागद आहेत ते आज रात्रीच एका पिशवीतून फाइलमध्ये आणा. बाजार फीच्या पावत्या जितक्या जुन्या सापडतील तितक्या. स्वनिधीचं शिफारसपत्र, पहिलं कर्ज फेडल्याचा बँकेचा दाखला, दुसऱ्याचं मंजुरीपत्र. अन्न परवान्याची नोंदणी असेल तर तीही. आधार कार्ड आणि गाड्याचे जुने फोटो. स्वनिधी योजना जून 2020 मध्ये टाळेबंदीत बुडालेल्या फेरीवाल्यांसाठी आली, आणि ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं त्यांना नगरपरिषदेच्या शिफारसपत्रावर कर्ज मिळालं. म्हणजे याच कार्यालयाने बँकेला लिहून दिलं आहे की या बाई आमच्या हद्दीत पथविक्री करतात. आता तेच कार्यालय तुम्हाला अतिक्रमण म्हणतंय. हा विरोधाभास तुमच्या अर्जात एका वाक्यात यायला हवा. बाजार फीच्या पावत्यांनी ती जागा तुमच्या मालकीची होत नाही, तसा दावा कुठेही करू नका. पण इतकी वर्षं तुम्ही तिथे त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांना पैसे भरून धंदा केलात, हे त्या पावत्यांनी सिद्ध होतं.

फाइल लावताना पावत्यांवरची रक्कमही बघा. काही ठिकाणी ठेकेदाराचा माणूस घेतो 30 आणि पावती फाडतो 20 ची. तुमच्याकडे तसं असेल तर वसुलीच्या ठेक्यातले मंजूर दर माहिती अधिकारात मागता येतात. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर वसूल करता येणार नाही, असं संविधानाचं अनुच्छेद 265 सांगतं, आणि 10 रुपयांची जादा वसुली हीसुद्धा वसुलीच.

आता तुम्हाला न आवडणारं बोलते. तुम्ही लिहिलंय की फुटपाथवर दोन बाक होते. ते परत मिळाले तरी पुन्हा तिथे मांडू नका. एसटीतून उतरलेली म्हातारी माणसं, कडेवर पोर घेतलेली बाई, कुबड्यांवर चालणारा माणूस, यांना त्या बाकांमुळे रस्त्यावर उतरावं लागत असेल तर नगरपरिषदेची तक्रार तेवढ्यापुरती खरी आहे. न्यायालयंही या बाबतीत कडक आहेत. 1 नोव्हेंबर 2017 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसायला मनाई केली. सिलिंडरचंही बघा. तो घरगुती लाल सिलिंडर असेल तर तो परत मागताना तुम्हीच कचाट्यात याल. धंद्याला व्यावसायिकच लागतो. कचऱ्याचा डबा, पाण्याचं झाकलेलं भांडं, हात पुसायचा स्वच्छ कपडा, हे सगळं आजपासून असं ठेवा की फोटो काढायला कोणी आलं तरी चालेल. तुमची बाजू जितकी स्वच्छ, तितकं त्यांना कलम शोधावं लागेल.

आणि एक गैरसमज काढून टाका, कारण चौकात कोणीतरी तो तुम्हाला सांगेलच. 13 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईबद्दल निकाल दिला, 15 दिवसांची नोटीस सक्तीची केली. पण रस्ता, फुटपाथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना त्यातून वगळलेलं आहे. तो निकाल घेऊन कार्यालयात गेलात तर तिथला कारकूनच तुम्हाला हा अपवाद दाखवेल आणि तुमचा बाकीचा मुद्दाही पडेल. तुमचा आधार 2014 चा कायदा, तोच धरा.

या विषयावर मी इतकं तावातावाने लिहिते त्याचं कारण सांगते. नगरपरिषदेला अधिकार हवेतच. रस्ते कोणीतरी मोकळे ठेवले पाहिजेत, तेलात काय तळलं जातंय ते कोणीतरी बघितलं पाहिजे. पण तोच अधिकार बिनकागदाचा वापरला गेला तर मार कोणाला बसतो ते बघा. मोठ्या हॉटेलला नोटीस आली तर त्याचा वकील उत्तर देतो आणि तोवर गल्ला चालू राहतो. तुमचा गाडा उचलला त्या क्षणी तुमची मिळकत शून्य झाली. सकाळी उधारीवर आणलेला पाव, बटाटा, तेल यांचे पैसे त्याच दिवशी संध्याकाळी द्यायचे होते. बचत गटाचा हप्ता आहे, बँकेचा आहे. रोज सकाळच्या गाडीला तुमच्याकडे चहा घेणारा कंडक्टर आठवड्याभरात दुसरीकडे चहा प्यायला लागतो आणि तो परत येईलच असं नाही. पंधरा दिवस गाडा बंद राहिला की भांडवलच खाऊन संपतं, मग माणूस सावकाराकडे जातो. म्हणजे शेवटी आदेश बेकायदा ठरला तरी शिक्षा भोगून झालेली असते. छोट्या धंद्याला निकालाची जेवढी भीती नसते तेवढी या उशिराची असते, आणि हे कार्यालयात बसलेल्या प्रत्येकाला पुरतं ठाऊक आहे. "सरकारी काम अन् सहा महिने थांब" हे तुमच्याबाबतीत उपासमारीचं वेळापत्रक ठरतं.

एकजूट असेल तर काय होतं तेही याच राज्यात दिसलेलं आहे. महापालिकांनी जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आणला तेव्हा 2013 मध्ये व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून आंदोलन केलं, आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांचा तो कर गेला. दुकानदारांची संघटना होती, मंत्रालयात जाण्याइतकी ताकद होती. तुम्हाला बंद परवडत नाही, पण तुम्ही एकट्याही नाही. 11 गाडे गेलेत म्हणता, मग 11 अर्ज जाऊ द्यात, प्रत्येकाचा वेगळा, प्रत्येकाची यादी वेगळी, एकाच दिवशी, एकाच खिडकीवर. त्याखेरीज सगळ्यांच्या सह्यांचं एक निवेदन नगराध्यक्ष आणि तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना द्या. 2022 नंतर राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर निवडणुकीअभावी प्रशासकच होते, दाद मागायला माणूसच नव्हता. डिसेंबर 2025 मध्ये मतदान झालंय. निवेदनात एकच मागणी ठेवा: पथविक्रेता समिती आणि सर्वेक्षण हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. तोंडी आश्वासन आलं तर "विषय क्रमांक सांगा" म्हणा. नगरपरिषदेचा एखादा ठराव किंवा आदेश बेकायदा असेल तर त्याची अंमलबजावणी रोखण्याचा अधिकार 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे, म्हणून त्यांना प्रत पाठवायची.

जागा बदलून देतो म्हणाले तर लगेच नाही म्हणू नका. चौक खरोखर रुंद करायचा असेल तर तुम्हाला हलवलं जाऊ शकतं, आणि ते बेकायदा असेलच असं नाही. पण कुठे, हे महत्त्वाचं. भाजी मंडईच्या मागच्या बोळात, जिथे एसटीचा एकही प्रवासी फिरकत नाही, तिथे दिलेली जागा म्हणजे धंदा बंद करण्याचीच पद्धत. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्थलांतराची तत्त्वं दिली आहेत: शक्यतो हलवू नये, हलवलं तर विक्रेत्याची उपजीविका निदान पूर्वीच्या पातळीवर राहिली पाहिजे, मालमत्तेचं नुकसान टाळलं पाहिजे आणि झालंच तर भरपाई दिली पाहिजे. तुम्हीच स्टँडच्या आसपासच्या दोन-तीन जागा पाहून ठेवा, पावलांनी मोजा, फोटो काढा आणि लेखी सुचवा. नुसतं "हलणार नाही" म्हणणाऱ्यापेक्षा जागा सुचवणाऱ्याचं म्हणणं कुठल्याही कोर्टात जास्त ऐकलं जातं.

कोर्टाचं म्हणाल तर दिरांची म्हण खर्चाच्या भीतीतून आलेली आहे, आणि ती भीती खोटी नाही. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे फाइल घेऊन जा. तिथल्या वकिलाला पहिला प्रश्न हा विचारा की मनाईहुकूम मागायला आपले कागद पुरेत का. उच्च न्यायालयाची वेळ आलीच तर आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सांगली जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. मी स्वतः मात्र अर्जाचे ते 2 दिवस आणि जिल्हाधिकाऱ्यांकडची प्रत यांचा परिणाम काय होतो ते आधी पाहीन.

वकील तुम्हाला 1985 चा फुटपाथवासीयांचा मुंबईचा निकाल सांगतील. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं सर्वोच्च न्यायालय त्यात म्हणालं. तो निकाल पूर्ण ऐका. त्या लोकांना फुटपाथवर राहण्याचा हक्क मिळाला नव्हता; पावसाळा संपेपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत, त्यांना हटवायचं नाही आणि 1976 च्या गणनेतल्या ओळखपत्रधारकांना पर्यायी जागा द्यायची, असं ठरलं होतं. तुमच्याही हाती बहुधा असंच काहीतरी लागेल: मुदत, रीतसर नोटीस, पर्यायी जागा, आणि ताठ मानेने धंदा करण्यापुरता एक कागद. मला ते थोडकं वाटत नाही.

बँकेत याच आठवड्यात जाऊन या. हप्ता थकण्याआधी शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवा की गाडा नगरपरिषदेकडे आहे, सोबत शिक्का मारलेल्या अर्जाची झेरॉक्स जोडा. जमेल तेवढी रक्कम भरा, कारण स्वनिधीचं पुढचं कर्ज आणि 7 टक्के व्याजाची सवलत हप्ते वेळेवर गेल्यावर अवलंबून आहे.

आणि सामान परत देताना ते तुमच्यापुढे एक छापील कागद ठेवतील. बहुतेक ठिकाणी ते हमीपत्र असतं: "मी यापुढे सदर ठिकाणी व्यवसाय करणार नाही, केल्यास होणाऱ्या कारवाईस माझी हरकत राहणार नाही." घाईत, सामान दिसल्याच्या आनंदात, बायका त्यावर सही करून मोकळ्या होतात आणि पुढे हाच कागद कोर्टात त्यांच्यासमोर येतो. तो वाचल्याशिवाय सही करू नका. मुलाला सोबत न्या, त्याला मोठ्याने वाचायला सांगा. सामान मिळाल्याची पोच द्यायला हरकत नाही, पण स्वतःच्या हाताने लिहा: "वरील यादीप्रमाणे साहित्य मिळाले. अमुक वस्तू मिळाल्या नाहीत. व्यवसायाच्या जागेबाबतचा माझा हक्क व हरकत कायम ठेवून सही करत आहे." खाली तारीख आणि वेळ घाला. त्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय ट्रॉलीतून कढई उतरवू नका.